दातेरी दरडीवरची हाक

थांबा, थांबा! त्या मुलीला आधी सांगा, वाकू नकोस म्हणावं. दात दिसला असेल तर दिसू दे, पळून जात नाही तो. पण हात लावायचा नाही. कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारायची, आणि ज्याला हाक मारली त्यानं येऊन उचलायचा. ही या दरडीची रीत आहे. तुम्ही कॉलेजातून आलात, चाळण्या आणल्यात, ब्रश आणलेत, सगळं कौतुकाचं आहे. पण नांदरखोलात आलात तर नांदरखोलची रीत पाळायची, मग ते सर असोत नाहीतर सरांचे सर.

मला भामाकाकी म्हणतात. दरड बघायला आलेल्यांना हिची कथा सांगायचं काम माझं. तुम्ही आधी यमुना खोतांकडे जाऊन आलात, ते मला कळलंय. चहा दिला असेल. ओलं खोबरं घालून पोहेही दिले असतील. देऊ दे. तिचा आवाज गोड आहे, मी नाही कशाला म्हणू? पण कथा तिला अर्धीच येते, उरलेली ती मनची घालते. मला ही माझ्या सासूनं सांगितली, सासूला तिच्या सासूनं. यमुनेनं कुठे ऐकली? आमच्याच पडवीत बसून! आणि आता पाहुणे आधी तिच्या दारात जातात. जाऊ दे, माझ्या पोटात दुखतंय असं म्हणाल तुम्ही. दुखतंयच जरा.

तर ही दातेरी दरड. वरती लाल जांभा दगड, त्याच्या खाली ही पिवळी-करडी माती. पावसात माती धुपते, भरतीचं पाणी पायथा कुरतडतं, आणि मग मातीतून दात बाहेर येतात. मोरीचे दात. तुम्ही शार्क म्हणता, आम्ही मोरी म्हणतो. पण आमच्या जाळ्यात येते ती मोरी नव्हे. हे दात बघा, तळहात भरतो एकेकानं. पात चकचकीत काळी, मूळ खरबरीत, आणि कडेनं बोट फिरवलंत तर बारीक करवत लागते. दगडावर हलकेच आपटला की खणकन वाजतो. ताज्या मोरीचा दात असा वाजत नाही. हा दगड झालेला आहे.

तुमचे सर सांगत होते की या डोंगरावर तेव्हा समुद्र होता, आणि या मोरीला जन्मभर नवे नवे दात येत राहायचे, जुने गळायचे. म्हणून इतके सापडतात. आमचे जुने लोक म्हणतात, समुद्र मागे हटला तेव्हा मोरीला त्याच्याबरोबर जाता आलं नाही, ती रागानं इथल्या मातीला चावत राहिली. कुणाचं खरं ते तुम्ही ठरवा. पण जन्मभर नवे दात! माझे पडले ते पडलेच. त्या मोरीचासुद्धा मला हेवा वाटतो बघा.

हसू नका. ही कथाच हेव्याची आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा नांदरखोलात अशी पद्धत होती, असं सांगतात, की नवी होडी बांधली की तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, या दरडीतला, होडी बांधून झाल्यावर सापडलेला दात लाल दोऱ्यानं बांधायचा. दात पाहून समुद्रातली मोरी वाट सोडते अशी लोकांची श्रद्धा. दात बांधल्याशिवाय होडी पाण्यात घालायला एकही माणूस खांदा देत नसे. आणि दात कुणाचा? ज्याला दिसला त्याचा. होडी ढकलताना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, त्या माणसाचं नाव घेऊन ओरडायचा, मग सगळा किनारा तेच नाव घेऊन जोर लावायचा. नावाच्या जोरावर होडी पाण्यात जायची म्हणे. एवढा मान गावात दुसरा नव्हता.

या मानाची धनीण होती लाडी. राघोबा तांडेलाची बायको. किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या तिच्या नावावर पाण्यात गेलेल्या. ओहोटी लागली की ही बांबूची रोवळी घेऊन दरडीखाली यायची. ओल्या चिखलात नुसता काळा ठिपका दिसला तरी सांगायची, हा शिंपला, हा कोळसा, आणि हा दात. मग तो पाण्यात धुऊन, नारळाच्या सोडणानं घासून असा लख्ख करायची की बघत राहावं. दात मोठा की लहान, वरच्या जबड्यातला की खालच्या, कुठल्या थरातून आला, सगळं तिला ठाऊक. लहान दात ती चुलीच्या वरच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवायची. बायका बघायला यायच्या. लाडीही मग कौतुक ऐकत दारात उभी राहायची. स्वभाव चांगला होता हो तिचा. कुणाला मीठ-मिरची नाही म्हणाली नाही कधी. पण दरडीखालची नजर फक्त आपली, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

मग राघोबाच्या धाकट्या भावाचं, धाकूचं, लग्न झालं. बायको आली मथी. खाडीच्या पार वरच्या अंगाच्या गावातली. समुद्र तिनं लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि घाबरून नवऱ्याचा शेला धरला, म्हणून बायका हसल्या होत्या. लाडी सगळ्यांत जास्त हसली. तिनंच मथीला हाताला धरून इथे आणलं, दात कसा असतो ते दाखवलं. "हे एका पावसाळ्यात जमत नाही हो," असं वर सांगितलं.

आणि मथी त्याच दिवशी म्हणाली, "वैनी, तो बघा. आणि तो पण."

आता तिला कसं दिसलं, तर माहेरी तिचं आयुष्य गेलं कुळीथ निवडण्यात आणि भातातले खडे वेचण्यात. वेगळं काय आहे तेवढंच तिच्या डोळ्यात भरायचं. ती दात शोधायचीच नाही. रमतगमत चालायची, मध्येच थांबायची, वाकायची, उचलायची. लाडी ओहोटीभर राबून एक घेऊन यायची, आणि ही ओटीत करवंदं आणावीत तशी घेऊन यायची.

पहिल्या वर्षी लाडीनं कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, नवशिक्याचं नशीब. मग एकाच्या नव्या होडीसाठी दात हवा होता, तर तो माणूस दारात आला आणि लाडी समोर बसलेली असताना तिला ओलांडून विचारता झाला, "मथी आहे का घरात?"

तिथे ठिणगी पडली. त्या होडीला मथीचा दात बांधला. किनारा ओरडला, "मथीच्या नावानं!" लाडीनंही खांदा लावला होता होडीला. तिच्या तोंडून नाव निघेना. नुसती ओठ हलवत राहिली, असं सांगतात.

मग काय, बाई आतून जळायला लागली. मथीनं भाकरी थापली तरी हिच्या डोळ्यात खुपायची. मथी हसली की हिला वाटायचं, मलाच हसली. फळीवरचे आपले दात तिनं काढून गाडग्यात टाकले, कारण मथीनं शेजारी आपले मांडले होते आणि ते मोठे होते. आणि वाईट म्हणजे लाडीला दात दिसायचेच बंद झाले. लोक म्हणाले, नजर उतरली, वय झालं. काही वय-बिय नाही! दात शोधायला मातीकडे बघावं लागतं, आणि ही बघायची जावेच्या हाताकडे. ती वाकली की हिचा जीव वर. ती उठली की हिची नजर तिच्या ओटीवर. पायाखालचा दात दिसणार कसा?

मथीला हे कळत होतं का? माझी सासू म्हणायची, कळत होतं. यमुना म्हणते, मथी भोळी होती. भोळी बाई कुळथातला खडा निवडते आणि जावेचा चेहरा तिला दिसत नाही होय?

त्यानंतर दोघा भावांनी मिळून नवी होडी बांधली. घरची, स्वतःची. दोघांनी त्यात जीव ओतला होता. नारळी पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या समुद्रावर जायला लागल्या, आणि ही मात्र वाळूवर, रिकाम्या नाळेची. लाडीनं घरात सांगून टाकलं होतं, "आपल्या होडीला दात मीच आणणार." मथीनं मान डोलावली. त्यानंतर ती दरडीखाली यायची ती हात पाठीमागे बांधून यायची म्हणे. दिसलं तरी उचलायची नाही.

एका सकाळी ओहोटीला दोघी इथेच होत्या. गावातल्या आणखी दोन बायका कालवं काढत होत्या. आणि मथीला तो दात दिसला. एवढा मोठा की तिनंही तोवर पाहिला नव्हता. लाडीच्या टाचेजवळ, अर्धा चिखलात. मथी हळूच म्हणाली, "वैनी, तुमच्या पायाशी बघा."

हळू म्हणाली, पण कालवं काढणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

आता लाडीनं तो उचलला असता तर गावात काय झालं असतं? मथीला दिसला, हिनं उचलला. तिच्या स्वतःच्या घरच्या होडीला, तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या होडीला, किनारा मथीचं नाव घेऊन ओरडला असता. लाडीनं खाली पाहिलं. दात पाहिला. आणि टाच ठेवली त्याच्यावर. दाबली, फिरवली, चिखलात पार आत घातला. "शिंपला आहे," म्हणाली.

एकाच होडीत दोघींचे नवरे जाणार होते! दात नाही तर होडी नाही, होडी नाही तर दोन्ही चुली थंड. पण हेवा पेटला की बाईला आपलं घरसुद्धा दिसत नाही. भरती आली, पायथा धुऊन गेली.

दिवस जात राहिले. उघडिपीच्या उन्हात वाळूवर होडीच्या फळ्या तडकायला लागल्या. धाकू वैतागला. कालवंवाल्या बायकांनी काय ऐकलं ते त्याच्या कानावर गेलंच होतं. तो भर किनाऱ्यावर लाडीला म्हणाला, "वैनी, मथीला दिसला होता म्हणे दात. तुम्ही शिंपला म्हणालात."

लाडीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळा गाव जमलेला. ती मथीकडे वळून ओरडली, "खोटारडी! काल आलेली पोर, मला दात शिकवतेस? दिसला होता तर दाखव!"

मथीनं सगळ्यांच्या देखत दरडीकडे हात करून शपथ घेतली, "मला दिसला होता. तो आणीन तेव्हाच घरात पाऊल टाकीन." आणि तशीच निघाली.

पाऊस पुन्हा लागला होता. अशा पावसात दरडीखाली कुणी जात नाही, आजही जात नाही. माती पाणी पिऊन फुगलेली असते. धाकू मागे धावणार तोच लाडी त्याच्या आधी धावली. इथे यमुना तुम्हाला सांगते की लाडीला पश्चात्ताप झाला, ती जावेला वाचवायला धावली. किती गोड! पण तसं नव्हतं. मथीला तो दात सापडेल या भीतीनं ती धावली. सापडला तर गावापुढे खोटी कोण ठरणार होती? माझ्या सासूनं हे मला स्पष्ट सांगितलं, आणि मीही स्पष्टच सांगते.

मथी जागेवर पोचली होती. गुडघ्यावर बसून चिखल उकरत होती. लाडी मागून ओरडली, "सोड तो!" मथीनं मान वर केली, आणि तेवढ्यात दरड सुटली. आवाज मोठा झाला नाही म्हणे. आंब्याचं ओझं उतरवताना होतो तेवढाच. मथी होती तिथे नुसता मातीचा ढीग.

लाडी त्या ढिगावर पडली. नखांनी उकरायला लागली. आणि इथला चमत्कार असा सांगतात की त्या दिवशी दरडीनं आपलं सगळं पोट उघडं केलं. लाडी ओंजळ भरायची आणि ओंजळीत दात. काळे, निळसर, तपकिरी, तळहाताएवढे, कुणी कधी पाहिले नव्हते असे. जन्मभर ज्यांच्यासाठी तिनं कंबर मोडली ते दात! ती ते मागे फेकत होती. कचरा फेकावा तसे. करवतीच्या कडांनी तिची बोटं फाटली, तरी फेकत होती आणि ओरडत होती, "मथी गो! मथी!" पुरुष पोचेपर्यंत तिनं मथीचं तोंड मोकळं केलं होतं. मथी श्वास घेत होती. फेकलेले दात तोवर भरतीनं नेले.

मथीला झोळीत घालून घरी आणली. तिची मूठ उघडेना. शेवटी लाडीनंच ती सोडवली, तर आत तो टाचेखालचा दात.

होडी पाण्यात घालायच्या दिवशी राघोबानं विचारलं, "कुणाच्या नावानं?" लाडी पुढे झाली. "मथीच्या नजरेचा आहे. मी पायाखाली घातला होता," म्हणाली. एवढं बोलायला तिला किती लागलं असेल! नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किनारा ओरडला, "मथीच्या नावानं!" आणि तुम्हाला वाटेल, लाडी तेव्हा सुखावली. नाही हो. तेव्हाही तिच्या काळजात कळ उठली. माणूस असं एका दिवसात धुऊन निघत नाही.

मथी उठली, पण तिची कंबर गेली. काठी घेऊन चालायची, वाकता मात्र येईना. नजर तशीच होती. आणि लाडीला वाकता येत होतं, दिसत नव्हतं. मग दोघी एकत्र यायला लागल्या. मथी काठी टेकून उभी राहायची, दात दिसला की हाक मारायची, "वैनी, उचला." लाडी वाकून उचलायची. धुवायची, घासायची, मोजून मापून सांगायची कुठल्या जबड्यातला ते. होडीला दोघींची नावं घ्यायला लागले, आधी बघणारीचं, मग उचलणारीचं. यावरही लाडी कुरकुरायची! "कमरेतून मी वाकायचं आणि नाव माझं मागून," असं घरी येऊन भांडी आपटत म्हणायची. मथी चुलीपाशी बसून हसायची. वर्षानुवर्षं हेच चाललं. दोघींचे केस पांढरे झाले, सुना आल्या, तरी लाडीला दुसरं नाव टोचतच राहिलं.

मग एका हिवाळ्यात मथी तापानं गेली.

लाडीनं दरडीकडे यायचं सोडलं. बरेच महिने ती पडवीतून हलली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर घरी नातवाची होडी तयार झाली, तेव्हा सुनेनं भीत भीत विचारलं, दात कुणाला सांगायचा? लाडी उठली, रोवळी घेतली, एकटी इथे आली.

होडीवरून परतणाऱ्यांनी तिला लांबून पाहिलं, म्हणून हे आपल्याला माहीत आहे. ती खाली मान घालून चालत होती, आणि एके ठिकाणी थांबली. किती वर्षांनी, पण दात तिचा तिला दिसला होता. कुणी दाखवला नाही, कुणी हाक मारली नाही. उचलला असता तर सबंध किनारा तिचं नाव घेऊन ओरडला असता. पहिलं तिचंच, आणि मागून दुसरं कुणाचंही नाही. याच नावासाठी तिनं जावेला गावापुढे खोटं पाडलं होतं.

लाडी वाकली नाही. तिनं मागे वळून हाक मारली, "मथी गो, उचल." मग जरा थांबली. पुन्हा मोठ्यानं मारली. होडीतल्या माणसांना पाण्यावरून ऐकू आली. भरती चढायला लागली, तिच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी आलं, दात दिसेनासा झाला, तेव्हा ती रिकामी रोवळी घेऊन घरी गेली.

सुनेनं विचारलं, "सापडला नाही?"

"दिसला," लाडी म्हणाली. "उचलायला ती नव्हती."

त्या वर्षी ती होडी दाताशिवाय पाण्यात गेली, आणि तरी सगळ्या गावानं खांदा दिला. तांडेलानं नाव विचारलं तेव्हा लाडीनं सांगितलेलं एकच नाव घेतलं गेलं. ते कुणाचं, हे सांगायला नको.

तर सर, तुम्ही इतकेजण आहात, तुम्हाला अडचण नाही. एकानं बघायचा, दुसऱ्याला हाक मारायची, त्यानं उचलायचा, आणि तुमच्या त्या कागदी चिठ्ठीवर दोघांची नावं घालायची. तेवढं करा, मग खुशाल न्या, अभ्यास करा. पण उद्या तुमच्यातलं कुणी एकटंच चुकून आलं आणि दात दिसला, तर काय करायचं तेही ऐकून ठेवा. आजही नांदरखोलातलं माणूस एकटं असताना दात दिसला तर वाकत नाही. मथीच्या नावानं हाक मारतं, थोडा वेळ उभं राहतं, आणि दात तिथेच ठेवून घरी येतं.